शिक्र्याचा पासपोर्ट फोटो

आमच्या शेजारच्या अंगणातला कूलर बोलतो.

रोज सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालते तेव्हा भिंतीपलीकडून दबका आवाज येतो, "हनुवटी खाली. आनखी थोडी. खांदे सरळ. नजर हिकडं. हिकडं म्हन्लं की बे!" ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो कडुनिंबाच्या वाळक्या फांदीवर आमच्याकडे पाठ करून बसलेला असतो आणि पंखात चोच घालून अंग खाजवत असतो. तो शिक्रा. ससाण्याच्या भाऊबंदांतला, अंगानं कबुतराएवढा आणि रुबाबानं तहसीलदार. कूलरमध्ये बसलेले असतात ते आमचे मन्मथअप्पा. वय बहात्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि मांडीवर जावयानं दिलेला, कुकरएवढं भिंग असलेला कॅमेरा.

कूलरचं आधी सांगते, नाहीतर तुमचा माझ्याविषयी भलताच समज व्हायचा. आमच्या गेवराईत उन्हाळा असा असतो की लोक मुलीच्या लग्नात एक वेळ भांडी कमी देतील, पण कूलर देतात. असाच एक लोखंडी कूलर अप्पांकडे गंजत पडला होता. त्यांनी त्यातला पंखा काढला, मोटर काढली, बाजूच्या जाळ्यांतलं गवत तेवढं ठेवलं, आत पाट टाकला आणि पंख्याच्या भोकातून भिंग बाहेर काढून बसू लागले. शिक्र्याला माणूस दिसू नये, ही कल्पना. पण तो इतरांनाही दिसत नाही, ही भानगड. मागच्या महिन्यात विजेचं बिल वाटणारा फाटकातून आत आला, तर कूलर म्हणाला, "हलू नका." बिचारा जागच्या जागी थिजला. कूलर पुढे म्हणाला, "उजेड चांगला पडलाय तुमच्या तोंडावर. मफलर काडा." त्यानं मफलर काढला. आता तो अप्पांचं बिल आमच्याच घरी टाकतो आणि म्हणतो, "मॅडम, तेवढं त्या कूलरला देऊन टाका."

बाहेरगावची माणसं 'मन्मथ' हे नाव ऐकून गालात हसतात. आमच्या बीड जिल्ह्यात कुणी हसत नाही. कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या नावावरून इथं लिंगायतांच्या घरोघरी एक तरी मन्मथ असतोच, आणि त्यातले बहुतेक किराणा नाहीतर कापड विकतात. आमच्या मन्मथअप्पांनी मात्र चाळीस वर्षं फोटो काढले. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. आत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर मागे बर्फाचे डोंगर, मध्ये तळं, तळ्यात दोन हंस आणि काठावर, कशाला कोण जाणे, एक नारळाचं झाड. खुंटीला एक काळा कोट टांगलेला असायचा. गावातल्या सगळ्या नोकरी-उमेदवारांनी, सगळ्या नवरदेवांनी आणि दोन सरपंचांनी तोच कोट घातलेला आहे.

अप्पांचा कायदा होता, एक माणूस, एक फ्रेम. दुसरी काढायची नाही, रोल वाया जातो. त्यामुळे त्या एका फ्रेमसाठी ते माणसाला पंधरा मिनिटं घोळवत. हनुवटी खाली, खांदे सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नजर माझ्या बोटावर, श्वास धरा. माणूस निळा पडायला लागला की मग खट् करायचे. एवढं करून रोल धुतल्यावर डोळे मिटलेले निघाले, तर तो फोटो गिऱ्हाइकाला देत नसत. "डोळे मिटलेला फोटो माज्या दुकानातून भाईर जानार न्हाई," म्हणायचे आणि पुन्हा बोलवायचे. पैसे घेत नसत. त्याऐवजी चारचौघांत झाडायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्गात कुणाला घाबरत नाही. पण लग्नाआधी अप्पांच्या स्टुडिओतल्या स्टुलावर माझी गाळण उडाली होती. स्थळांना पाठवायचा फोटो होता. दोनदा माझे डोळे मिटले. दुसऱ्या वेळी दुकानात पाच माणसं बसलेली असताना म्हणाले, "पोरी, लग्नात अंतरपाट धरल्यावर मिट की डोळे. आत्ता कावून मिटतीस? रोल वाया जातोय." या भानगडीत माझं लग्न तीन आठवडे लांबलं. आमचे हे म्हणतात, अप्पांनी आणखी थोडी चिकाटी दाखवायला हवी होती.

त्यांचं दुसरं काम याहून नाजूक होतं. घरातलं कुणी गेलं की भिंतीला लावायला तसबीर लागते. पूर्वी लोकांकडे असायचा एखादा लग्नातला घोळक्याचा फोटो, त्यात म्हाताऱ्याचे डोळे उन्हानं मिटलेले. अप्पा त्यातून म्हातारा तेवढा वेगळा काढत, मोठा करत, आणि बारीक कुंचल्यानं मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवत. घरची मंडळी म्हणायची, अगदी बघतायत असं वाटतं. गेवराईतल्या निम्म्या घरांत भिंतीवरून जे आजोबा सुनांकडे रोखून बघतात, त्यांची बुबुळं अप्पांच्या हातची आहेत.

मग मोबाइल आले. ज्यांनी आयुष्यात एक फ्रेम काढली होती ती माणसं चहाचा कप दिसला तरी दहा काढू लागली. अप्पांनी स्टुडिओ बंद केला, पडदा गुंडाळला, कोट पिशवीत घातला आणि घरी बसले. घरात महानंदाकाकू होत्या.

काकू परळीकडच्या, धर्मापुरीच्या. अप्पा जितके मोजून बोलत तितक्या त्या सांडून बोलायच्या. रोज सकाळी निंबाखाली मूठभर ज्वारी टाकायच्या आणि होले यायचे. होले म्हणजे आपल्याकडचे ते राखी, भोळसट पारवे, ज्यांना बघूनच कळतं की हे कुणाच्या तरी तोंडी जाणार. एखाद वेळी शिक्रा यायचा, तेव्हा काकू खराटा घेऊन धावायच्या. "मेल्या, माज्या दारात माहेरपनाला आलेली पाखरं खातोस व्हय रं!" शिक्रा उडायचा तो आमच्या पत्र्यावर बसायचा, आणि काकू मला तिकडूनच आज्ञा करायच्या, "बाई, हाना त्याला!" मी विज्ञानाची शिक्षिका, अन्नसाखळी शिकवणारी. मी हात हलवल्यासारखं करायची.

मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांत काकू गेल्या. सकाळी ज्वारी टाकली, छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी अप्पा स्वतः ज्वारीची मूठ घेऊन निंबाखाली आले. होले आले. शिक्राही आला. आता खराटा घेऊन धावणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यानं एक होला अप्पांच्या डोळ्यांदेखत उचलला आणि फांदीवर बसून सावकाश सोलला. मला वाटलं, अप्पा दगड मारतील. ते मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्याची नजर बगितली का? चाळीस वर्सांत असं गिऱ्हाईक मिळालं न्हाई." त्याच दुपारी त्यांनी जावयाच्या कॅमेऱ्याचं खोकं फोडलं.

तेव्हापासून त्यांनी पणच केलाय, शिक्र्याचा एक फोटो, समोरून, दोन्ही डोळे उघडे, नजर भिंगात. पासपोर्टला चालेल असा. बाजूचा चालत नाही. पाठीचा तर नाहीच. कानांचा मुद्दा मी काढला होता, शिक्र्याचे कान पिसांत लपलेले असतात. अप्पांनी रात्रभर विचार करून त्याला कानांपुरती सूट दिली.

तसे इतर शिकारी पक्षीही अंगणात हजेरी लावतात, पण अप्पांच्या लेखी ते कच्चं गिऱ्हाईक. घार खाली उतरतच नाही, वरून पोट दाखवून जाते. "पोटाचा फोटो कोन लावतं भितीला?" एक अपवाद आहे. निंबाच्या ढोलीत पिंगळा राहतो, ते बुटकं, बटबटीत डोळ्यांचं घुबड. ते संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी येतं, सरळ बसतं, दोन्ही डोळे समोर, मान ताठ, आणि हलत नाही. अप्पांनी एका फ्रेममध्ये काम उरकलं. मग जुन्या सवयीनं एका कागदावर आठ प्रती काढल्या, पांढरी कड सोडून कात्रीनं कापल्या, लहान पाकिटात घातल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की न्यायला कुणी येणार नाही. चार मला दिल्या. एक मी शाळेत कपाटाला चिकटवली. हेडमास्तरांनी विचारलं, हा कोण? म्हटलं, नवीन शिक्षक, अजून रुजू व्हायचाय.

शिक्र्यासाठी मात्र त्यांनी काय काय केलं! फांदीच्या मागे पत्र्याचं शेड आणि आमची पाण्याची टाकी येते, ती त्यांना खुपायची. म्हणून माळ्यावरचा पडदा काढून शेवग्याला बांधला. आठवडाभर आमच्या गल्लीत बर्फाचे डोंगर आणि दोन हंस फडफडत होते. शिक्रा आला, त्यानं ते हंस पाहिले, आणि तीन दिवस फिरकला नाही. "लाजला," अप्पा म्हणाले.

मग आमच्या ह्यांनी भर घातली. भिंतीवरून म्हणाले, "अप्पा, मांजरसुंब्याच्या ढाब्यावरनं एक तंगडी आनू का? लटकवा फांदीला, समोर येऊन बसतोय का न्हाई बगा." अप्पा चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. लिंगायताच्या अंगणात तंगडी! पाचव्या दिवशी बोलले ते असं, "तुमची आयडिया वाईट न्हवती. वस्तू वाईट व्हती." आणि त्यांनी सोयाबीनच्या वड्या भिजवून, बिटाच्या रसात लाल करून, दोऱ्यात ओवून फांदीला टांगल्या. शिक्र्यानं त्या माळेकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचा फोटो मिळता तर बक्षीस होतं. माळ कावळ्यानं पळवली.

पण ढाब्याच्या त्या गोष्टीनं अप्पांच्या मनात किडा सोडलाच. आपण ज्वारी टाकतो, म्हणून होले येतात, होले येतात म्हणून शिक्रा येतो, म्हणजे हे पाप कुणाच्या खात्यावर? त्यांच्याकडे दर सोमवारी त्यांचे गुरू, म्हातारे जंगमस्वामी येतात, त्यांनाच अप्पांनी विचारलं. स्वामींनी शांतपणे दूध संपवलं, ओठ पुसले आणि म्हणाले, "मन्मथा, ज्यानं होल्याला दाना दिला त्यानंच ह्याला चोच दिली. तू मदी कोन? तू फोटो काड." एवढा सोयीचा निवाडा आमच्या तालुक्यात कधी कुणाला मिळालेला नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. डिसेंबर संपला आणि पुण्याहून उमाचे फोन सुरू झाले. उमा ही अप्पांची एकुलती मुलगी. आईचं पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं, भजन ठेवायचं, जेवण ठेवायचं, आणि हार घालायला आईची तसबीर पाहिजे. जुन्यातला एक चांगला फोटो काढून ठेवा, एवढंच तिचं म्हणणं. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "आदी ह्या शिक्र्याचा निगू दे. मग बगू." उमा मला फोन करून रडकुंडीला यायची, "मावशी, आईपेक्षा ते पाखरू मोठं झालं का हो?"

मलाही राग आला. मी तडक गेले आणि विचारलं, अप्पा, एक फोटो काढून द्यायला तुम्हाला काय होतंय? त्यांनी कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. काकूंचे फोटो होते. धर्मापुरीच्या देवळासमोर नव्या नवरीच्या शालूतल्या, उमाला मांडीवर घेतलेल्या, स्टुडिओत हंसांसमोर, घराच्या वास्तुशांतीत. अकरा फोटो, आणि अकराही फोटोंत डोळे मिटलेले.

"दुकानातून भाईर जात न्हाईत असले," अप्पा म्हणाले. "म्हनून इतंच ऱ्हायले."

गावभर ज्यानं डोळे उघडले त्याच्या बायकोचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो नाही! मला हसू येत होतं आणि ते बरं दिसत नव्हतं, म्हणून मी खोकले.

उमानं तिकडून आपल्या परीनं मार्ग काढला. तिच्या मोबाइलमध्ये धर्मापुरीच्या फोटोची नक्कल होती, ती तिनं इथल्या एका फ्लेक्सवाल्याला पाठवली. हल्ली कम्प्युटरवर सगळं होतं, आईचे डोळे उघडून द्या. दोन दिवसांनी फ्लेक्सवाला नमुना घेऊन स्वतः आला. बॅनर झकास होता. वर 'प्रथम पुण्यस्मरण', खाली 'शोकाकुल' म्हणून अशा अशा लोकांची नावं की त्यातल्या दोघांना काकू मेल्याचं माहीतही नसेल, आणि मध्यभागी काकू, टक्क डोळे उघडून.

अप्पांनी चष्मा लावला. "ही कोन?"

"काकू हायत की अप्पा."

"नाक तिचं हाय. डोळे कुनाचे?"

"कम्प्युटरनं काडले."

"कम्प्युटरला सांग, हे पलीकडच्या गल्लीतल्या पाटलाच्या आईचे डोळे हायत."

फ्लेक्सवाल्याचा चेहरा पडला. खरंच होतं. मागच्या महिन्यात त्यानं त्या पाटलीणबाईंच्या स्मृतिदिनाचा बॅनर केला होता, त्यातले डोळे नजरेत भरले म्हणून उचलून इथं बसवले होते. "लई जिवंत वाटले व्हते अप्पा," तो म्हणाला.

"वाटतील न्हाई तर काय," अप्पा म्हणाले. "तिचे बी खरे न्हाईत ते. म्याच रंगवलेत. तिची तसबीर माज्याच दुकानातली हाय."

मी पदर तोंडाला लावला. अप्पांनी कधीकाळी कुणा परक्या बाईला रंगवून दिलेले डोळे गावभर फिरून शेवटी त्यांच्याच बायकोच्या तोंडावर येऊन बसले होते. फ्लेक्सवाला बॅनर गुंडाळून गेला. अप्पा मात्र हसले नाहीत.

"अप्पा, मग तुम्हीच का नाही रंगवत?" मी विचारलं. "सगळ्या गावाचे उघडलेत."

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुपारी बघते तर खिडकीशी बसलेले, समोर धर्मापुरीचा फोटो मोठा केलेला, हातात कुंचला. दोन तास मी तिकडे बघायचं टाळलं. मग भिंतीजवळ येऊन त्यांनी हाक मारली, "बाई, हिचा डावा डोळा बारीक व्हता का उजवा?"

 वीस वर्षांपासूनची शेजारीण मी, रोज भिंतीवरून कढीपत्ता घेतलेला, पण मला आठवेना. मी म्हटलं, "अप्पा, त्या हसायला लागल्या की दोन्ही बारीक व्हायचे. मिटायचेच."

अप्पांनी मान हलवली. "सबंद गावाचे डोळे पाट हायत मला. हिचेच उतरंनात." कुंचला त्यांनी धुतलाही नव्हता, रंग तसाच टोकावर वाळला होता.

पुण्यस्मरणाला तीन दिवस उरले. उमा दुसऱ्या दिवशी यायची होती. सकाळी मी दोरीवर उशीचा अभ्रा टाकायला हात वर केला आणि माझ्यापासून चार हातांवर, दोरीच्या लोखंडी खांबावर शिक्रा येऊन बसला. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. लालभडक डोळे, छातीवर तपकिरी पट्ट्या. त्यानं मला मोजलंच नाही. मान वळवली आणि थेट भिंतीपलीकडच्या कूलरकडे रोखून बघितलं. समोरून. दोन्ही डोळे. हनुवटी खाली, खांदे सरळ! वर्षभर ज्याला शिकवलं तो पोरगा परीक्षेच्या दिवशी आला होता. माझे हात वर तसेच. अभ्र्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

कूलर गप्प होता. मग आवाज आला, खट्.

एकदाच.

"अप्पा, आणखी काढा!" मी दात आवळून पुटपुटले. "दहा काढा, वीस काढा, त्यात रोल नसतो!" पण चाळीस वर्षांची सवय. एक गिऱ्हाईक, एक फ्रेम. शिक्रा दोन क्षण बसला आणि उडून गेला.

मी तशीच ओल्या हातानं फाटकातून पलीकडे गेले. अप्पा कूलरमधून रांगत बाहेर आले, निंबाच्या पारावर बसले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो मोठा केला. खांब, पंख, पट्ट्या, चोच, सगळं असं स्वच्छ की पीस न् पीस मोजावं. आणि डोळ्यांच्या जागी दोन राखाडी, दुधाळ ठिपके.

"मिटला," अप्पा म्हणाले.

मी शिक्षिका ना, माझ्यानं राहवलं नाही. सांगितलं की पक्ष्यांना आतल्या बाजूनं एक तिसरी पातळ पापणी असते, ती मध्येच डोळ्यावरून फिरते, आपल्याला दिसतही नाही, नेमकी त्याच वेळी तुमची फ्रेम आली. अप्पा हसायला लागले. इतके हसले की विभूतीच्या पट्ट्यांवरून घाम उतरला. मग हसणं थांबलं.

"बाई, ह्याच्याम्होरं कुनाची नजर हाय? रस्त्यापलीकडचा सरडा दिसतो ह्याला. आन् ऐन टायमाला ह्यो बी मिटतो." कॅमेरा मांडीवर ठेवून म्हणाले, "मग मी हिला कावून रागवलो?"

मी पारावर टेकले.

"धर्मापुरीला गेलतो, नवं लगीन. देवळाम्होरं उभी केली. भितीवरच्या त्या दगडी बाया डोळे वटारून उभ्या, आन् हिचे मिटलेले. रोल धुतल्यावर म्हन्लो, त्या दगडाच्या बाया बऱ्या तुज्यापरीस. ती हसली तवा. दर टायमाला मी असंच बोलायचा. एकदा दुकानात लोकं व्हती, वास्तुशांतीच्या फोटोवरनं बोललो, लई बोललो. रोल वाया घातला म्हन्लो. घरी जाऊन रडली म्हनं. त्याच्यामागं बसलीच न्हाई कदी कॅमेऱ्याम्होरं. कुनाच्याबी लग्नात गेलो, सगळी फोटोला उभी ऱ्हायली की ही म्हनायची, मी सगळ्यांच्या पर्सा धरते, तुमी काडा." त्यांनी चष्मा काढला. "मी हिला रडवलं गं पोरी. एका रोलसाठी."

 हातातला अभ्रा मी पुन्हा एकदा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले तर दारातच थबकले. बैठकीच्या भिंतीवर एकच तसबीर नव्हती. अकरा होत्या. सगळ्या काचेच्या चौकटीत, सगळ्यांना हार, सगळ्यांना विभूती, आणि सगळ्या काकू डोळे मिटून. स्टुडिओतल्या काकू, वास्तुशांतीतल्या काकू, उमाला घेतलेल्या काकू. आणि शेवटी, तितक्याच मोठ्या चौकटीत, बारावा, शिक्रा. उमा खाली बसून फुलं निवडत होती, एकीकडे रडत होती आणि एकीकडे हसत होती. "मावशी, मी काही बोलले नाही हो," ती म्हणाली. "त्यांना लावू दिलं."

माणसं येत गेली, नमस्कार करत गेली. परभणीच्या साडूंनी चष्मा वरखाली करून सगळी भिंत तपासली. "अप्पा, डोळे मिटलेत की हो. दुसरा एकादा न्हवता का?"

"हायत की," अप्पा म्हणाले. "ते बी मिटलेले."

साडूंना काही कळलं नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी बाराही तसबिरींना नमस्कार केला आणि शिक्र्यासमोर जरा थांबून मला हळूच विचारलं, "ह्ये कुनाच्या वळनावर गेलंय?" काकूंच्या खराट्यातून सुटलेला तो दरोडेखोर असा त्यांच्या शेजारी हार घालून बसला होता. काकू असत्या तर पहिल्यांदा हसल्या असत्या, मग खराटा शोधला असता.

भजन झालं, पंगती उठल्या, उमा पाहुण्यांना सोडायला बसस्टँडवर गेली. मी आमच्या घरातून आणलेली पातेली न्यायला म्हणून मागच्या दारानं आत आले. बैठकीत अप्पा एकटेच होते. धर्मापुरीच्या त्या पहिल्या फोटोसमोर उभे होते, जिथं स्टुडिओत उभे राहायचे तितक्याच अंतरावर, उजवा हात वर आणि एक बोट ताठ. नजर माझ्या बोटावर, असं सांगायची त्यांची ती जुनी पद्धत. माझ्याही पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. मला वाटलं, आता म्हणतील, हनुवटी खाली.

त्यांनी बोट हळूहळू खाली घेतलं.

"मिट," ते काकूंना म्हणाले. "खुशाल मिट. रोल लई हाय."